कुरडयांपायी केलेला सायलेन्सर

वडूजला आमच्या आळीत सात जीपगाड्या होत्या आणि पासिंगला, म्हणजे गाडीच्या सरकारी तपासणीला, चालणारा सायलेन्सर एकच होता. तो आमच्या गोठ्यात, म्हशीच्या डोक्यावरच्या खुंटीला, माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून टांगलेला असे. बाकीच्या बायका लोणच्याच्या बरण्या सांभाळत, मी सायलेन्सर सांभाळला.

ही सत्तर सालानंतरची, पेट्रोल महागलं तेव्हाची गोष्ट. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप आणायची, तिच्यात कुठलं तरी डिझेल इंजिन बसवायचं आणि वऱ्हाडं वाहायची, हा धंदा आळीतल्या सगळ्या पुरुषांना एकदमच सुचला होता. गाड्या धूर असा सोडत की पुढं जीप चाललीय की कडब्याची गंजी पेटलीय, ते मागच्याला कळू नये.

सायलेन्सर केला आमच्या मालकांनी. मालक म्हणजे माझा नवरा. फौजेत पंधरा वर्षं गाड्या दुरुस्त करून नाईक म्हणून घरी आले होते. शेजाऱ्याची जीप रोज सकाळी आमच्या दारात अर्धा तास घुरघुरत उभी राही. एका उन्हाळ्यात माझ्या बाजभर कुरडया तिनं काळ्या केल्या. मी शेजाऱ्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मालकांनी एका जुन्या सायलेन्सरचं पोट कापलं, आत जाळ्या बसवल्या, त्यांच्यामध्ये ओला काथ्या कोंबला आणि बोल्ट लावून झाकण बंद केलं आणि तो शेजाऱ्याच्या जीपला चढवला. काजळी काथ्यात अडकायची आणि बाहेर नुसती वाफ यायची. अर्ध्या-पाऊण तासानं काथ्या तुंबायचा, इंजिनाचा श्वास कोंडायचा आणि गाडी बंद पडायची. पण तोवर शेजाऱ्याची घुरघुर उरकलेली असायची.

पासिंगही अर्ध्या तासातच उरकतं, हे आळीच्या ध्यानात यायला कितीसा वेळ लागणार? गाड्या तपासणारे साहेब महिन्यातून एकदा साताऱ्याहून येत आणि देवळापुढच्या चिंचेखाली टेबल मांडून बसत. मी देवळामागं बादली आणि काथ्या घेऊन बसे. पास झालेली जीप मागं यायची, सायलेन्सर ओल्या पोत्यात धरून उतरवायचा, काथ्या बदलायचा आणि पुढच्या जीपला चढवायचा. त्या दिवशी माझा भाव नवरीच्या मामीपेक्षा जास्त असे.

मालकांना हे अजिबात पसंत नव्हतं. साहेबासमोर खोटं घेऊन उभं राहायला आपल्याला जमत नाही, म्हणायचे. सायलेन्सर कोणाला नाकारत नसत, पण स्वतःच्या गाडीला कधी लावला नाही. दर वर्षी सांगलीला जाऊन इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप आणि नोझल दुरुस्त करून आणायचे आणि गाडी तिच्या स्वतःच्या श्वासावर पास करायचे. मला त्याचा अभिमान होता, आणि रागही यायचा. घरात सायलेन्सर असताना माणसानं सांगलीला कशाला जावं?

त्या वर्षी सांगलीचा पंपवाला आजारी पडला. मालक चार दिवस स्वतःच पंप खोलून बसले. धूर कमी झाला, पण गेला नाही. पुढं लग्नसराई होती आणि वऱ्हाडांच्या सुपाऱ्या घेऊन ठेवल्या होत्या. पासिंग झालं नाही तर गाडी महिनाभर दारात उभी राहणार आणि ऐन हंगामात आम्ही लोकांची वऱ्हाडं जाताना बघत बसणार. मालक म्हणाले, नापास झाली तर झाली.

मला ते पटलं नाही. आमचा नंबर शेवटचा होता. मालक गाडी देवळामागं लावून घरी जेवायला गेले, तेवढ्यात मी शेजाऱ्याला जीपखाली घातलं आणि सायलेन्सर चढवून घेतला.

मालक आले, गाडी चालू केली आणि क्षणभर स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग साहेबांपुढं नेऊन उभी केली. साहेबांनी नळीपाशी आपला पांढरा रुमाल धरला. रुमाल पांढराच राहिला. साहेबांनी शाबासकी दिली आणि मालकांनी मान खाली घातली. मला वाटलं, लाजले.

आता गाडी देवळामागं येणार, म्हणून मी पोतं भिजवलं. तोच साहेब पुढच्या सीटवर चढून बसले. त्यांची एसटी चुकली होती आणि पाच वाजता त्यांच्या मुलीला पाहायला माणसं यायची होती. सगळ्यांत चांगली गाडी तुमचीच, चला साताऱ्याला, म्हणाले.

काथ्या अर्ध्या-पाऊण तासाचा आणि सातारा त्याहून लांब. कोरेगावला माहेरी जायचंय अशी थाप मारून मी मागं चढले. पुसेगावपर्यंत गाडी बरी चालली. साहेब मुलीच्या शिक्षणाचं सांगत होते आणि मी हात जोडून बसले होते. वर्धनगडाच्या घाटात गाडी घुसमटली, दोन आचके दिले आणि बंद पडली.

मालक उतरले. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. पाना घेतला आणि सरळ मागं जाऊन सायलेन्सरखाली बसले. तेव्हा मला उमगलं.

साहेब खाली उतरून बघत होते. झाकण निघालं आणि काळा काथ्या रस्त्यावर पडला. मालक सावधानमध्ये उभे राहिले.

"साहेब, ह्यो मीच केलाय. पासिंग रद्द करा."

मी उडी मारून खाली आले. "साहेब, बसवला म्या. ह्यांस्नी काय बी ठावं न्हवतं."

"ठावं हुतं," मालक म्हणाले. "चालू केल्या केल्या कळलं. माझ्या हातचा आवाज मला कळत न्हाई व्हय?"

मला रडू आलं. ज्या माणसाला खोटं जमत नव्हतं, त्यानं त्या पांढऱ्या रुमालापुढं माझं खोटं आपल्या अंगावर घेतलं होतं.

साहेबांनी काथ्याकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. "रद्द करायला मला आधी साताऱ्याला पोचायला हवं," ते म्हणाले. "बसा."

काथ्याशिवाय गाडी घाट भरून धूर सोडत चढली. साताऱ्यात साहेबांच्या दारात आम्ही आणि पाहुणे एकदमच पोचलो. पाहुण्यांची धोतरं पांढरी होती, एवढंच सांगते. साहेबांनी पासिंग राहू दिलं, सांगलीला जाऊन पंप करून आणायला एक महिन्याची मुदत दिली आणि सायलेन्सर तिथंच उतरवून घेतला. आम्ही बिनसायलेन्सरच्या गाडीत ठणाणा करत वडूजला परतलो. पुढच्या महिन्यात पंपवाला बरा झाला आणि आळीतल्या सातही जीपगाड्या निमूटपणे सांगलीला गेल्या. शेजारीण माझ्याशी बोलेना.

बोलत तर मालकही नव्हते. आठ दिवस घरात पाना पडल्याचा तेवढा आवाज यायचा. मी माफी मागायला तोंड उघडायचे आणि ते गोठ्यात निघून जायचे. नवव्या दिवशी जेवताना, ताटातून वर न बघता त्यांनी विचारलं,

"काथ्या किती कोंबला हुतास?"

"दोन मुठी."

"दीड पुरतो," मालक म्हणाले. "दीड घातला असतास तर घाट चढली असती."

मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.