दाराबाहेर ऐकलेलं

क्लॅरिनेटमास्तरांचं पोट भरलं ते दुसऱ्यांच्या गाण्यांवर. लग्न असो की कंपनीचं स्नेहसंमेलन, ऑर्केस्ट्राच्या मागच्या रांगेत बसून लोकांना हवं ते वाजवायचं, आणि घरी आलं की मागच्या खोलीचं दार लावून स्वतःला हवं ते. त्या खोलीत दोन टेपरेकॉर्डर होते. एकावरचं ऐकत ऐकत मास्तर साथीला आणखी वाजवायचे आणि दोन्ही मिळून दुसऱ्यावर उतरवायचे. रिकाम्या पिंपात क्लॅरिनेटचं खालचं तोंड घालून फुंकायचे. कधी सूर नाहीच, नुसती कळांची टकटक. खालच्या मजल्यावरचा शिंपी जिन्यात भेटला की विचारायचा, "मास्तर, घरात हत्तीचं पिल्लू पाळलंय का?" मास्तर हसण्यावारी न्यायचे, पण लागायचं ते लागायचंच.

बायकोला त्या खोलीत मज्जाव होता. तिच्यासमोर कच्चं काही ठेवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. ती म्हणायची, "अहो, मलाही ऐकवा की एखादं."

"थांब गं. जरा नीट होऊ दे."

एकदा तिने फारच लकडा लावला, तेव्हा ते फटकन बोलून गेले, "तुला नाही कळायचं त्यातलं." त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मास्तरांना वाटलं, बरं झालं, पिच्छा सुटला.

पण नीट काही होईना. कुठे श्वास ऐकू आला, कुठे बोट घसरलं, की तीच कॅसेट मागे फिरवून तिच्यावर नवं वाजवायचं. जुनं पुसलं जायचं. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. पाटी कोरी केली, एवढंच.

वर्षं सरली. ऑर्केस्ट्रा मोडला, मुली सासरी गेल्या, मास्तरांचे पुढचे दात पडून कवळी आली आणि फुंक ढिली झाली. त्याच सुमारास बायकोचे कान जाऊ लागले. आधी दारावरची घंटा गेली, मग फोनवरचा लेकींचा आवाज. कानात यंत्र बसवलं, तर समोरचं माणूस मोठ्याने बोललं तेवढं कळायचं. बाकी नुसता कालवा.

धाकटी लेक सुट्टीला आली, तेव्हा तिने माळ्यावरच्या कॅसेट काढून संगणकावर उतरवल्या. "बाबा, इतकं सगळं वाजवलंत आणि कुणालाच ऐकवलं नाहीत?"

"आधी तुझ्या आईला," मास्तर म्हणाले. त्यातल्या त्यात सरस होतं ते त्यांनी निवडलं आणि बायकोच्या कानांवर स्वतःच्या हाताने हेडफोन बसवले. ती फोटोला बसावं तशी ताठ बसली. थोड्या वेळाने तिने ते काढले.

"काहीतरी घुमतंय. बाटलीत माशी अडकल्यासारखं." मग त्यांचा चेहरा पाहून घाईने म्हणाली, "छान आहे हो."

मास्तर खाली बघत वायर गुंडाळू लागले. तेवढ्यात ती म्हणाली, "पण ते नाही का यात? खाली खाली उतरत जायचं आणि मधेच दम लागल्यासारखं थांबायचं. ही लहानपणी तापाने फणफणली होती, तेव्हा रोज वाजवायचात."

मास्तरांचा हात थांबला. "तुला कसं माहीत?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"दार लाकडाचं होतं, भिंत नव्हती काही. हिला मांडीवर घेऊन तिथेच टेकून बसायचे मी. त्यानेच तर झोपायची ही."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"मला कुठे कळत होतं त्यातलं!" ती हसत म्हणाली. त्या हसण्यात टोमणा नव्हता, म्हणून मास्तरांना ते जास्त झोंबलं. लेक दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

ते त्यांनी पुसलं होतं. थांबण्याच्या जागी श्वास ऐकू येतो म्हणून. त्यावर काय वाजवलं, तेही आता आठवत नव्हतं.

"म्हणून दाखव," ते म्हणाले. तिने म्हटलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने सूर कुठल्या कुठे पडत होते. उतरण तेवढी कळत होती. मास्तरांनी क्लॅरिनेट जोडलं, अंदाजाने वाजवलं आणि विचारलं, "असं होतं का?"

ती त्यांच्या ओठांकडे बघत म्हणाली, "असेल. मला कसं कळणार आता?"

लेकीने उतरवलेलं इंटरनेटवर टाकलं. अनोळखी लोकांनी कौतुक केलं, एकाने तर पिंपाचा आवाज कसा काढला ते विचारलं. मास्तरांनी लेकीकडून त्याला सविस्तर उत्तर लिहवून घेतलं. हे सगळं बरंच वाटलं त्यांना. पण सकाळी क्लॅरिनेट हातात घेतलं की ते तीच उतरण शोधत बसतात. चार सूर जुळतात, पाचवा भलतीकडेच नेतो. बायको कामासाठी येता-जाता दिसली की म्हणतात, "बस जरा." ती बसते, त्यांच्या बोटांकडे बघत राहते. आणि वाजवणं संपायच्या थोडं आधीच विचारते, "झालं?"

मास्तर मान हलवतात. "झालं."