फ्रॉकचा घेर

सईच्या ब्रेसचे पट्टे आवळून वर शाळेचा फ्रॉक चढवला, की मी दोन पावलं मागे सरते आणि घेर बघते. माझ्या या मुलीच्या पाठीला बाक येतोय, हे पहिल्यांदा त्या तिरक्या घेरानंच दाखवलं होतं. बाक वाढला नाही तर ऑपरेशन टळेल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून भिंतीवरचं कॅलेंडर, दारावरचा पडदा, काहीही तिरकं दिसलं की माझा हात आपोआप जातो. घर सरळ राहिलं तर जणू तिची पाठही ऐकेल.

आज पुन्हा एक्स-रे आहे. घेर डावीकडे जरासा वर वाटला. मी वाकून तो खाली ओढला.

आरशातून माझ्याकडे बघत सई म्हणाली, "आई, रोज ओढून सारखा करतेस. आज आहे तसा बघ ना."