धुऱ्यावरचा मोह

मोहाची फुलं पडायला लागतात तेव्हा माझं गाव अर्धवट झोपेत असतं. धानाच्या रिकाम्या बांध्यांवर धूसर उजेड, आणि त्यात थेंबासारखी पडणारी फुलं. आमच्या आणि शेजारच्या काकूच्या शेताच्या मध्ये, धुऱ्यावर एकच मोह आहे. तो आईचा आणि काकूचा, दोघींचा. एक आल्याशिवाय दुसरी फूल उचलत नाही. हा नियम कुणी केला ते कुणालाच आठवत नाही.

जवळच जंगल-सफारीचं गेट उघडलं आणि आम्ही घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागलो. त्यांच्या जिप्स्या उजाडायच्या आत निघतात. त्याआधी चहा-पोहे हवे. मोहाची वेळही नेमकी तीच. यंदा आईनं काकूला सांगितलं, "तू येचून घे वं, माह्यासाठी थांबू नोको."

काकू थांबलीच. टोपली मांडीवर घेऊन झाडाखाली बसायची.

"काऊन बसून राहिली, काकू?" मी विचारलं.

"एकटीनं उचललं तं चोरी होते, पोरी."

ती उठून गेली की फुलं बकऱ्या खाऊन जायच्या.

बाबांनी मोर्च्यांतून आणलेली पत्रकं वाचत मी वाढले. मी तिथंच म्हटलं, जंगल बघायला लोक येवोत, पण त्यांच्या सोयीसाठी आमची पहाट विकायची कुणी ठरवली? यावर पत्रक काढते.

"काढ," काकू म्हणाली. "पयले तुह्या मायले वाचून दाखव." मग हळूच, "उद्या तुही माय नाही आली तं मी बी येणं सोडतो. आर्धं झाड कसं येचू?"

संध्याकाळी मी ते आईला जसंच्या तसं सांगितलं. ती कांदा चिरत होती.

दुसऱ्या पहाटे तिनं चहाचा थर्मास आणि झाकलेले पोहे ओसरीवर ठेवले.

"भाभी, गरम नाश्ता नहीं मिलेगा?" पाहुण्यानं विचारलं.

"आज ठंडाच खा लो, भैया," म्हणत तिनं टोपली उचलली. ते पाहुणे दुपारी दुसऱ्या घरी राहायला गेले.

धुऱ्यावर काकू बसलेलीच होती. "आली का वं हॉटेलवाली?"

"सरक तिकडं."

दोघी वाकल्या. रस्त्यावरून जिप्सी धूळ उडवत गेली, तिच्या दिव्यांत दोघींच्या पाठी क्षणभर उजळल्या आणि पुन्हा धूसर उजेडात मिसळल्या. कुठली कुणाची, मला ओळखता आलं नाही. वरून फुलं पडतच होती.