नेऱ्याचा ओढा आणि माझं मॉडेल

हजारो माणसं आपापल्या सोयीनं वागतात आणि त्यातून कोणीच न ठरवलेलं काहीतरी उभं राहतं. ते कसं, हे कॉम्प्युटरवर मांडणं हा माझा अभ्यास. पुण्यात त्यावर भाषणं देताना मला फार बरं वाटायचं. माझ्या माहेरी, नेऱ्यात, त्यानंच मला तोंडघशी पाडलं.

त्या ऑगस्टमध्ये भर दुपारी ओढ्याचं पाणी मेंढरांच्या वाड्यात शिरलं. काठाला जाळी लावून केलेला वाडा. मेंढरं राखणाऱ्या मावशी रानात होत्या. आत ठेवलेली कोकरं जागीच बुडाली.

ओढ्याकाठचा जो तो आपल्या प्लॉटवर मुरूम टाकून जमीन उंच करत होता. कोणी भाड्याच्या खोल्यांसाठी, कोणी गोदामासाठी. माझ्या भावानंही केली होती. पाणी का चढलं, असं ग्रामपंचायतीनं मला विचारलं आणि मी हौसेनं मॉडेल केलं.

बैठकीला तालुक्याचे एक साहेब आले होते. मी पडद्यावर दाखवलं की एकट्या कोणाच्या भरावानं पाणी चढत नाही. सगळे मिळून ओढा आवळतात आणि मग चार घमेली मुरूमही पुरतो. "म्हणजे दोष कोणा एकाचा नाही," मी म्हणाले.

साहेबांनी तेवढंच उचललं. "मॅडमनी शास्त्रानं दाखवलंय. प्रश्न गुंतागुंतीचा आहे. आता कारवाई कोणावर करणार?"

माना डोलल्या. माझ्या भावाची सगळ्यात आधी. लगेच चहा आला.

मावशी दाराशी उभ्या होत्या. "पोरी, तुझ्या त्या चित्रात माजा वाडा कुटं हाय?"

नव्हता. सातबाऱ्यावर नाव असलेलेच मी धरले होते.

"आन् दोष कुनाचाच न्हाई, तर माजी कोकरं मेली कशानं?"

साहेबांचा राग आला, भावाचा आला, स्वतःचा तर इतका की चहाचा कप तसाच ठेवून मी बाहेर पडले. सगळ्यांचा थोडाथोडा हात आहे, याचा अर्थ सगळे सुटले, असा मी लावू दिला होता. तोही माझ्याच तोंडून.

दुसऱ्या दिवशी मावशींनी मला ओढ्यानं चालवत नेलं. एका मोठ्या प्लॉटिंगच्या रस्त्याखाली जुनी मोरी गाडली गेली होती. "हितून पानी जायाचं," त्या म्हणाल्या. ते घालून मॉडेल पुन्हा चालवलं. खोल्यांच्या भरावानं पाणी थोडं चढत होतं, बुजलेल्या मोरीनं वाड्यात शिरत होतं. त्या रस्त्याला परवानगी साहेबांच्याच कार्यालयाची होती. मी अहवालात सगळे गट नंबर लिहिले.

भाऊ म्हणाला, "घरचाबी नंबर घातलास?"

"मुरूम तू टाकलायस ना?"

तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो.

पुष्कळ अर्जांनंतर मोरी मोकळी झाली. भराव एकही निघाला नाही. मावशी मेंढरं घेऊन उरवडे गावाकडं गेल्या. जागा त्यांच्या नावावर नाही म्हणून पंचनाम्यात कोकरांची नोंदच नाही. "मॅडम, तो विषय संपलाय," कारकून म्हणतो. गेल्या सोमवारी मी कोकरांच्या नोंदीसाठी पुन्हा अर्ज दिला आणि पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाही.