मावशीचा खून, तिच्याच देखरेखीखाली

माझी मावशी लेखिका झाली ती एका ज्योतिषाच्या कृपेने. म्हणजे, तो पळून गेला म्हणून.

तेव्हा ती एका साप्ताहिकाच्या कचेरीत मुद्रितं तपासायची. जिन्याखालची खोली, डुगडुगणारं टेबल आणि डोकं उठवणारा शाईचा वास. राशिभविष्य लिहिणारा गृहस्थ एके दिवशी कुणाला न सांगता गायब झाला. संपादकांनी मावशीपुढे कोरे कागद ठेवले. "बाई, बारा राशी. जेवणाच्या सुट्टीआधी."

ग्रहांमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. घरची माणसं मात्र तोंडपाठ होती. तिने काकांच्या राशीला लिहिलं, 'या आठवड्यात पत्नीचा शब्द मोडल्यास पाठदुखी संभवते.' सासूबाईंच्या राशीला मौन लाभदायक ठरलं. जाऊबाईंना दुसऱ्यांच्या कपाटात डोकावण्यापासून धोका होता. घरात अशी शांतता नांदू लागली की विचारू नका! काका आपणहून कपडे वाळत घालायला लागले.

हे बरेच महिने बिनबोभाट चाललं. मग संपादकांनी तिला आत बोलावलं. त्यांची आणि काकांची रास एकच निघाली.

"बाई, मी कधीपासून घरी भांडी घासतोय," ते म्हणाले. "हे ग्रह तुमच्या घरचे आहेत का?"

नोकरी गेलीच, असं मावशीने धरलं, तरी तिला हसू आवरेना. तिचं बघून संपादकही हसत सुटले. "भविष्य बंद. आजपासून गोष्टी लिहा. इतकं पटेल असं खोटं मला दुसरं कोण लिहून देणार?"

गोष्टींची पुढे पुस्तकं झाली. त्यांत नातेवाईक राजरोस वावरत होते. स्वतःला ओळखून जाऊबाईंनी अबोला धरला. नणंदेनेही धरला, पण उलट्या कारणाने. "एवढी पुस्तकं, आणि मी एकातही नाही? मी काय मेले होते?"

पन्नाशी उलटल्यावर मावशीने वाचनालयाच्या माडीवर लेखनाचे वर्ग सुरू केले. शिकवायची खाष्टपणे. कुणी सूर्यास्ताने सुरुवात केली की म्हणायची, "तो रोजच होतो. घरात कोण रुसलंय ते सांगा."

सगळ्यांत जास्त बोलणी खाल्ली एका निवृत्त दंतवैद्याने. शेवटी त्यांनी कादंबरी लिहून सूड उगवला. तिसऱ्याच पानावर लेखन शिकवणाऱ्या एका बाईंना चहातून विष दिलं.

मावशीने ते पान भर वर्गात मोठ्याने वाचलं.

"एवढ्यात मेले मी?"

"सॉरी, मॅडम."

"सॉरी कसलं? दोन घोटांत कुणी मरतं का? मला जरा तडफडू द्या. आणि मरताना मी गप्प कशी? तुमची एखादी चूक तरी काढीन की!"

दंतवैद्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. मरण लांबत लांबत अख्खं प्रकरण झालं. पुस्तक निघालं आणि मावशीच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त खपलं. ती घरभर धुसफुसत फिरली. "माझ्या जिवावर मोठा झाला मेला!"

तरी प्रकाशनाला नटूनथटून गेली आणि सरळ लेखकाशेजारी खुर्ची ओढून बसली. पुढे आलेल्या प्रत्येक प्रतीवर सही ठोकू लागली, 'सप्रेम, प्रेत.' बघता बघता रांग तिच्या बाजूला वळली.

दंतवैद्य कुजबुजले, "मॅडम, पुस्तक माझं आहे हो."

"असेल," मावशी मान वर न करता म्हणाली, "पण मढं कुणाचं?"