सरकी भरलेली चोळी

पिंजलेल्या कापसाचा वास आला की मला बायकोची चोळी आठवती. निजामाच्या राज्यात जालन्याच्या दवाखान्यात गाठीपायी तिची डावी छाती काढल्ती. जखम भरली, पण ती घराबाहेर पडंना; सख्ख्या बहिणीच्या लग्नालाबी न्हाई म्हणली. मंग एक दिवस तिनं चोळीत कापसाची गादी शिवली. कापूस हलका, वर सरकायचा, म्हणून आत मूठभर सरकी भरली. माझ्यापुढं येऊन म्हणली, “बराबर दिसतंय का हो?” मी म्हणलो, “डावं जरा मोठं झालं.” “मंग उजव्यालाबी भरते की!” म्हणून ती पोट धरून हसली. हसनाबादला बहिणीच्या लग्नाच्या मांडवात नवरदेवाकडच्या विहीणबाईनं तिला चोळीच्या शिंप्याचं नाव विचारलं. आज बायको न्हाई, पण डोळे मिटले की त्याच मांडवात दिसती, आमच्या लग्नातबी नव्हती एवढी खूश.