पोपटाचा उष्टा पेरू

"खा. पोपटाचं उष्टं पोटात गेलं की जीभ मोकळी होते," बाई म्हणाल्या, आणि पोपटानं टोचलेला पेरू त्यांनी माझ्या पोरीच्या हातात ठेवला.

सगळ्या तिसरीच्या वर्गासमोर. पालकांची सभा नुकतीच संपली होती. आम्ही काही बाया अजून दारातच होतो.

सुजाता माझी मुलगी. ती मुकी नाही, खुळी नाही. बोलताना अडखळते. शब्द ओठापर्यंत येतो आणि तिथंच अडकून बसतो. मग तिची मान ताठ होते, डोळे मिटतात. तेवढ्यात पोरं ओरडतात, "बफरिंग! बफरिंग!" बाई त्यांना गप्प करत नाहीत. हसतात.

या बाईंच्याच बंगल्यावर मी धुणंभांडी करायचे. माझा नवरा रांजणगावला कंपनीत, कंत्राटी. बाईंच्या घरची शेवंतीची, उसाची शेती, आणि शाळेच्या समितीवर त्यांचे मालक. त्यांच्यापुढं गावात कोण बोलणार? मी तर नाहीच. चारचौघांत मला नाव विचारलं तरी मी पदराशी खेळत बसते. बोलून दाखवणं जमत नाही, म्हणून तर लिहिते.

तो पोपट माझ्या ओळखीचा. त्याचा पिंजरा मीच धुवायचे. तो "या, बसा" म्हणतो. ते शिकवायला बाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन पिंजऱ्यापुढं उभ्या राहायच्या. "या, बसा. या, बसा." तो नुसती मान वाकडी करायचा. तरी बाई रागवायच्या नाहीत. "येईल, हळूहळू येईल," म्हणायच्या. मी भांडी घासताना ऐकायचे.

पाखराला एवढी सवड. माझ्या पोरीला हजेरीत एक श्वास नाही. तिचं "हजर" निघेपर्यंत बाई पुढच्या नावावर गेलेल्या असायच्या. पोरगी वर्गात बसलेली, आणि तिची गैरहजेरी लागायची.

सुजातानं पेरू हातात धरला, पण तोंडाकडं नेला नाही.

"न... न... न..."

"बफरिंग!"

बाईंनी मान ताठ करून, डोळे मिटून तिची नक्कल केली. "न-न-न काय? आईला विचार, तुमच्यात उष्ट्याचं वावडं कधीपासून झालं?"

दारातल्या दोघीतिघी हसल्या.

उष्टं. माझ्या आजीनं गावाचं उष्टं टोपलीत आणलं. माझी आई ते खाऊन वाढली, आणि आईनंच ते बंद केलं. आमच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे. उष्टं येत नाही. हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच बोलल्या.

दौंडला माझी बहीण राहते. तिच्या सांगण्यावरून सुजाताला मी तिथं वाचा सुधारणाऱ्या मॅडमकडं नेते, न्हावऱ्यावरून एसटीनं. त्या मॅडमनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका. हळू बोल म्हणू नका. तिच्याकडं बघा आणि थांबा." घरी आम्ही तेच करतो. तव्यावर भाकरी करपली तरी मी थांबते.

मी वर्गात गेले. चप्पल काढायचं भान राहिलं नाही.

"बाई, थांबा. तिला कायतरी म्हणायचंय."

"अगं, मी तिच्या भल्यासाठीच..."

"थांबा म्हणलं न्हवं!"

एवढा मोठा आवाज मी रानात शेरडालासुद्धा कधी दिला नव्हता.

बाहेरून कंपनीची बस हॉर्न वाजवत गेली. बाई मनगटावरचं घड्याळ बघत होत्या. सुजाता माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं.

"न... न... नको," ती म्हणाली. तेवढ्यावर थांबली नाही. "मी उ... उ... उष्टं खात न्हाई."

पेरू तिनं बाईंच्या टेबलावर ठेवला.

त्याच संध्याकाळी माझं काम गेलं. दुसऱ्या दिवशी मी शिरूरला जाऊन शिक्षण खात्याच्या कचेरीत तक्रार दिली. मग बाईंचे मालक स्वतः आमच्या दारात आले. ज्यांच्या घरात मी जमिनीवर बसून चहा प्याले, ते आप्पा.

"चेष्टा केली गं त्यांनी. मिटवून टाक. पोरीच्या दवाखान्याचं मी बघतो. उद्यापास्नं कामावर बी ये."

मी खुर्ची बाहेर काढली नाही.

"आप्पा, पेरू वर्गात दिला व्हता. ह्याचं काय व्हायचं ते समद्यांम्होरं व्हईल."

ते गेले. जाताना फटफटीनं मुद्दाम धुरळा उडवला. उडवू दे.

येत्या सोमवारी चौकशी आहे. सुजाता स्वतः सांगणार आहे. रोज आरशापुढं बसून सांगते. अडखळते, पुन्हा सांगते. तिथंही अडखळेल. चौकशीच्या साहेबाला थांबावं लागेल. बाईंनाही, तिच्यासमोर, तोंड मिटून.

मग साहेब बाईंना विचारतील, पेरू का दिला? तेव्हा बाईंचा शब्द ओठात अडकावा. मान ताठ व्हावी. डोळे मिटावेत. मला माफी नको, दवाखान्याचे पैसे नकोत, काम नको. मला एवढंच बघायचं आहे.

त्या वेळी त्यांचा शब्द कुणी पुरा करायला लागलं, तर मी करू देणार नाही. समोर बसून त्यांच्याकडं बघणार आहे. आणि थांबणार आहे.